मागची थोरली, पुढची धाकटी

आमच्या घरात गाडीची चावी कुणाकडे असावी यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीवरूनसुद्धा झाली नाहीत. अर्थात भांडायला जमीन आहे कुठे म्हणा. गाडी माझी. कागदांवर माझं नाव, टाकीत मी भरलेलं पेट्रोल, आणि गावी पोचलं की चावी मात्र आबांच्या सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या डबीशेजारी. आबा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य एसटीचे ड्रायव्हर, आणि त्यातली बरीच वर्षं पोलादपूरहून आंबेनळी घाटानं वर महाबळेश्वरला. गाडीला कधी ओरखडा नाही. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बे एके बे म्हणावं तसं तोंडातून बाहेर पडतं.

मी महाडला शाळेत गणित शिकवते. नवरा मुंबईला नोकरीला, शनिवारी येतो, रविवारी जातो, आणि सासरा-जावयाचं बिनसू नये म्हणून गाडीच्या विषयात तोंड उघडत नाही. लेक साताऱ्याला नर्सिंग शिकते. आई आणि आबा पोलादपूरच्या पुढे, हमरस्ता सोडून वर चढावं लागतं अशा वाडीत राहतात. तो चढ पावसाळ्यात असा काही होतो की साध्या गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात आणि मागच्या माणसाच्या धोतराला रंग देतात. म्हणून मी मुद्दाम चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, पण ठणठणीत. डॉक्टरांनी ती बहुधा दवाखाना ते घर एवढीच चालवली असावी. बिचारीला चिखल म्हणजे काय ते आमच्याकडे आल्यावर कळलं.

गाडी वाडीत आली त्या दिवशी आबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, घरातून टॉमी आणली आणि चारही टायरवर एकेक ठोका घातला. टॉमी म्हणजे चाकाचे बोल्ट खोलायची लोखंडी दांडी. ठोक्याच्या आवाजावरून हवा कळते. रोज सकाळी डेपोत ते हेच करायचे. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी दे."

मी दिली. माझंच चुकलं. आबांसमोर मी अजून आठवीतलीच असते.

त्या दिवसापासून कायदा ठरला: सपाटीला मी, घाटात आबा. महाड ते पोलादपूर हमरस्त्यानं गाडी मी आणायची, वाडीत आई-आबांना घ्यायचं, आणि तिथून पुढे साताऱ्याला लेकीला भेटायला जायचं तर मी उठून डाव्या सीटवर. आई मागे, सुकटीच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन. त्या चटणीचा वास वसतिगृहभर सुटतो म्हणून तिथल्या मॅडम ओरडतात, आणि मग त्याच वाटीभर मागून घेतात. आणखी एक कायदा: घाटात ड्रायव्हरशी बोलायचं नाही. एसटीत समोर लिहिलेलं असतं तेच. आबांच्या लेखी ते सरकारचं वाक्य नव्हतं, धर्मवचन होतं. घाटाचं पहिलं वळण लागलं की मी आणि आई गप्प. एकदा आईला माकडाचं पिल्लू दिसलं तर तिनं माझ्या खांद्याला चिमटा काढून ते दाखवलं, पण ब्र काढला नाही.

मला घाटात चालवायचं होतं. स्पष्टच सांगते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी महाडात ड्रायव्हिंग शिकायला गेले, सातवीच्या पोरींनी मला चौकात गाडी बंद पाडताना पाहिलं, ते सगळं सोसलं ते काय फक्त सपाटीसाठी? आणि त्यात आबांनी सत्तरी कधीच ओलांडलेली. ड्रायव्हरचं लायसन पुन्हा करून घ्यायची वेळ आली तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "आबा, आता पुरे. घाट तरी सोडा."

आबा भाकरी मोडत होते. मोडता मोडता थांबले.

"डोळं चांगलं हायेत, डॉक्टरनी लिवून दिलंय. हात चांगलं हायेत. मग कशापायी सोडू?"

"वय झालं म्हणून."

"वयानं गाडी चालवत नाय कोन. आयक गो, शब्द देतो. ज्या दिवशी गाडीच्या बाबतीत माजं चुकंल, त्या दिवशी चावी तुझ्या हातात ठेवीन. मागायला नाय लागायची. पर तंवर हा विषय नाय काढायचा."

आई म्हणाली, "झालं. म्हंजे मेल्यावरच मिळेल हिला." आबा हसले नाहीत. ते शब्द देत होते, आणि शब्द देताना ते हसत नाहीत.

म्हणजे मामला असा होता: आबांचं एकदा चुकायला हवं होतं, आणि मी टपून बसले होते. लाज वाटते सांगायला, पण बसले होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी घाटात दरडीतून आलेल्या एका दगडानं मागचा एक टायर कडेनं चिरला. दुसराही झिजलेला होताच. आबांच्या डेपोतल्या जुन्या सोबत्याचं आता नाक्यावर टायरचं दुकान आहे. आबा तिथे गेले आणि दोन टायर घेऊन आले, कुणाच्या तरी मोठ्या गाडीचे उतरवलेले, जवळजवळ नवे, नक्षी बोटभर खोल. सोबत्यानं मैत्रीखातर अगदी प्रेमानं दिलेले. गाडी वाडीतच ठेवली होती; शाळा सुटल्यावर मी तिथे पोचले तर टायर लावूनही झाले होते, आणि गाडी मागून जरा उचललेली दिसत होती. शेपूट वर करून उभ्या राहिलेल्या कालवडीसारखी.

मी वाकून टायरवरचे आकडे वाचले. गणिताच्या बाईला आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. पुढे दोनशे पंधरा, मागे दोनशे पस्तीस.

"आबा, हे वेगळ्या मापाचे आहेत."

"म्हायत हाय."

"मग?"

"मग काय? एका आसाच्या दांड्यावरची दोन सारखी पायजेत. ती हायेत. सुतळी लावून मापलीत मी, केसाचा फरक नाय. पुढचा दांडा वेगळा, मागचा वेगळा."

इथे आबांची बाजू सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. बसच्या मागच्या बाजूला एकेकडे दोन-दोन चाकं जोडीनं असतात. त्या जोडीत एक जरी मोठं असलं तरी सगळा भार त्याच्यावर येतो आणि ते फुटतं. म्हणून आबा डेपोत स्वतः सुतळी लावून जोडी जुळवून घ्यायचे, आणि न जुळणारी जोडी लावली म्हणून टायरवाल्यांशी हुज्जत घालायचे. जोडी जुळली पाहिजे हे त्यांना जितकं कळतं तितकं पंचक्रोशीत कुणाला कळत नसेल. आणि बसला ताकद फक्त मागच्या चाकांना. पुढची नुसती वळतात. तिथे पुढे-मागे फरक असला तर गाडीला पत्ताही लागत नाही. आबांनी एसटीतलं शहाणपण उचललं आणि माझ्या गाडीला लावलं. खरं तर त्यांना चांगले टायर पुढेच लावायचे होते, पण पुढे लावल्यावर वळवताना मडगार्डला घासायला लागले. म्हणून मागे.

"पण ह्या गाडीची चारही चाकं ओढतात ना," मी म्हटलं. "मोठ्या चाकाच्या फेऱ्या कमी, लहानाच्या जास्त. मग पुढची मागची भांडणार नाहीत?"

"ट्रॅक्टर बघितलास?"

शेजारच्या काकांकडे भाताच्या खाचरांसाठी छोटा ट्रॅक्टर आहे. त्याचीही चारही चाकं ओढतात. मागचं चाक छातीएवढं, पुढचं गुडघ्याएवढं.

"तो भांडतो काय?" आबांनी विचारलं.

ट्रॅक्टर समोर उभा होता, ढळढळीत. काका पडवीतून ओरडले, "मास्तरीन, आता काय बोलतीस?" काय बोलणार, कप्पाळ! मी चहा प्यायला आत गेले. सगळं गणित माझ्या बाजूला आणि ट्रॅक्टर आबांच्या बाजूला, अशी माझी गत झाली.

आठवड्याभरात गाडी कुरकुरायला लागली. सरळ रस्त्यावर काही नाही, पण अंगणात वळवून उभी करताना खालून घुर्र असा आवाज यायचा आणि गाडी अडखळायची, कुणीतरी मागून पदर धरून ठेवावा तशी. आबा म्हणाले, थंडीनं असेल. नोव्हेंबरातल्या महाडात थंडी! मग साताऱ्याची फेरी आली. घाट चढून वर टेकलो, आबांनी गाडी कडेला घेतली, आणि जळक्या तेलाचा असा वास आला की आईनं आधी चटणीचा डबाच उघडून बघितला. स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागला होता. आबांनी खाली वाकून पाहिलं, हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

"ब्रेक तापलं असतील," ते म्हणाले. पण ब्रेक घाट उतरताना तापतात, चढताना नाही, आणि हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तेही त्यांना आठवलं असणार, कारण ते माझ्याकडे बघेनात. गाडी गार होईपर्यंत आम्ही तिथेच मक्याची कणसं खाल्ली. दिवा विझला. पण परत येताना आबांची मान जरा तिरकी होती, खालचा आवाज ऐकत असल्यासारखी.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी परस्पर गाडी महाडबाहेरच्या गॅरेजात नेली. तिथले मिस्त्री बारा वर्षं आखातात मोठ्या गाड्या दुरुस्त करून आलेले. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हातून गेली, एक पास होऊन आणि एक कसाबसा. त्यांनी गाडी वर उचलायची तसदीसुद्धा घेतली नाही. पुढचा टायर बघितला, मागचा बघितला, आणि कपाळावर हात मारला.

"टीचर, ये किसने किया?"

मी म्हटलं, "का? काय झालं?"

"या गाडीत मधे एक डबा आहे. पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ घालतो. वळणावर थोडा फरक पडतो, तेवढा तो सांभाळून घेतो. पण तुमची मागची मोठी, पुढची लहान, त्यात पुढची झिजलेली. म्हणजे सरळ रस्त्यावरपण फरक. चोवीस घंटे ड्यूटी. त्या डब्याला दम खायला वेळच नाही. तापणारच ना? अजून दोन घाट मारले असते तर डबा खलास."

"पण आमच्या शेजारचा ट्रॅक्टर?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. महिनाभर तो ट्रॅक्टर माझ्या छातीवर बसला होता.

मिस्त्री हसले. "ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे गिअर कंपनीनं त्या हिशेबानंच कापलेले असतात. चाक लहान तर फिरवायचं जास्त. आणि वरून चिखल. थोडा फार फरक राहिला तर चाक घसरून मोकळं होतं. तुमच्या शेजाऱ्याला बघा, शेतातून डांबरावर आला की एक दांडी ओढून पुढची चाकं सोडवतो की नाही?"

ओढतात! शंभरदा बघितलंय मी. काका डांबरावर चढले की गुडघ्याजवळची दांडी खट्कन ओढतात. मी समजत होते सवय असेल, कुणाला तंबाखूची असते तशी. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या बाकड्यावर बसले आणि न विचारता मिस्त्रींच्या थर्मासातला चहा ओतून घेतला.

चहा अर्धा झाला आणि मग ते माझ्या ध्यानात आलं. आबांचं चुकलं होतं. गाडीच्याच बाबतीत. साक्षीपुराव्यासकट. चावी माझी झाली होती.

वाटलं होतं त्यापेक्षा फार वेगळं वाटलं मला. मला आठवलं ते आबांचं सकाळचं टॉमी घेऊन अंगणात येणं, चार ठोके, आणि त्यानंतरच दात घासणं. सेवेतून उतरल्यावर दहा-बारा वर्षं ते नुसते पडवीत बसून असायचे, हमरस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजावरून कुठली एसटी गेली ते सांगायचे. गाडी आली आणि ते उठले. ती चावी मी कशी काढून घ्यायची? ह्या टायरांसाठी?

मी मिस्त्रींना म्हटलं, "जुन्या मापाचे दोन आणून ठेवा. आणि हे कुणाला बोलू नका." ते म्हणाले चारही नवे एकदम घाला, नाहीतर पुढची झिजलेली आहेत, भांडण थोडं उरेलच. मी म्हटलं घाला चार. रविवारनंतर गाडी आणते.

वाडीत जाऊन आधी आईला एका बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. माझा बेत असा की आबांना सांगायचं, परत दगड लागला, मागचा टायर चिरला, म्हणून सगळेच बदलले. आईनं लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं.

"खोटं बोलायचं तर धड बोलावं," ती म्हणाली. "तुला नाय जमायचं. तुझं नाक लाल होतं."

"बघू गं."

"बघ. घोडामैदान जवळच हाय."

रविवारी सकाळी मी आबांना म्हणाले, "आबा, मागचा टायर परत चिरला. दासगावजवळ दगड लागला. बदलावे लागतील."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकाकडे पाहिलं असणार. मग ते अंगणात गेले, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, आणि टायरवरून हात फिरवायला लागले. सगळीकडून, सावकाश, आतल्या कडेनंसुद्धा. मग दुसऱ्या चाकावरून. माणूस तीस वर्षं टायर चाचपत आलाय आणि मी त्याला नसलेली चीर सांगतेय! अशी कशी मी मूर्ख? दारातून आई माझ्याकडे बघत होती, "सांगितलं होतं ना" हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"चीर कुठाय?" आबांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. मिस्त्री, डबा, ट्रॅक्टरचे गिअर, काकांची दांडी, सगळं. एका दमात. आबा उकिडवेच बसून राहिले.

"खडू हाय तुझ्याकडं?"

माझ्या पर्समध्ये रुमाल नसेल पण खडू असतोच. दिला. "चल," ते म्हणाले. "पटांगणात गाडी घे."

आमच्या वाडीत विहारासमोर सिमेंटचं पटांगण आहे, लग्नाची जेवणावळ बसते एवढं लांब. रविवारची वंदना आटोपून माणसं घरी गेली होती. आबांनी गाडी एका टोकाला उभी करवली, डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर खडूनं रेघ मारली, पुढच्याला एक, मागच्याला एक, दोन्ही अगदी जमिनीला टेकतील अशा. मग म्हणाले, "सरळ घे. हळू. माणूस चालतो तशी."

मी गाडी सोडली. आबा मागच्या चाकाबरोबर वाकून चालायला लागले, कमरेवर एक हात ठेवून, आणि रेघ खाली आली की मोठ्यानं मोजायचे. "एक... दोन..." डेपोत हाक मारायचे तोच आवाज. आरशात मला फक्त त्यांची टोपी दिसत होती, वर-खाली होणारी. "नऊ... धा. थांब!"

मी थांबले, उतरून आले. मागच्या चाकावरची रेघ खाली, जमिनीला चिकटलेली. पुढच्या चाकावरची रेघ वर, पार आभाळाकडे. मागच्यानं दहा फेऱ्या मारल्या तेवढ्यात पुढच्यानं जवळजवळ साडेदहा मारल्या होत्या. सरळ रस्त्यावर, एवढ्याशा पटांगणात. साताऱ्यापर्यंत किती होतील याचा हिशेब मी मनात मांडायला लागले आणि मग मांडेनासा झाला.

आबांनी खडू पुसला आणि पुन्हा रेघा मारल्या. "परत." परत तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे ते उभे राहिले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"ही चार नायत गो," ते म्हणाले. "ही चारी मिळून एकच जोडी हाय."

मग ते दाराशी गेले, आत हात घालून इंजिन बंद केलं, चावी काढली, आणि माझ्या हातात ठेवली.

"आबा, नको. टायरचं काय एवढं? कुणीही चुकलं असतं. काका पण..."

"शब्द दिलता."

"मी नाही घेत. तुम्ही एवढी वर्षं..."

"गप!" आबा ओरडले. मला वाटतं माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ओरडले. "चुकलं त्याचं मला कायबी नाय. चुकतं मान्साचं. शिकलो आज, बरं झालं. पर तू माझ्यापासून लपवलंस? खोटा दगड लावलास? डेपोत चूक झाली तर सायेब तोंडावर शिव्या घालायचा, पर घालायचा. लपवाछपवी म्हाताऱ्यासंगती करतात. तू मला आज म्हातारा केलंस."

मी रडले. पटांगणात, भरदिवसा, पन्नाशीची बाई. ते खरं होतं म्हणून रडले. महिनाभर मी त्यांना हरवायला टपले होते तेव्हा मी त्यांना बरोबरीचं समजत होते. दया आली आणि तिथेच माझं चुकलं. "चुकलं आबा," एवढंच म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे फेकला आणि वाडीकडे चालायला लागले. गाडी मी एकटीनं अंगणात आणली. वळवताना ती घुर्र करून अडखळली.

चारही टायर एका मापाचे बसले. अंगणातली घुर्रघुर्र दुसऱ्या दिवशी गेली. मिस्त्री म्हणाले, डब्यातलं तेल काळं झालं होतं, पण डबा वाचला. आबा आठ दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. जेवलीस काय, निघालीस काय, असं. चावी माझ्या पर्समध्ये होती आणि मला तिचं ओझं वाटत होतं.

मग साताऱ्याची फेरी आली. मी वाडीत पोचले तर आबा टॉमी घेऊन अंगणात उभे. चार ठोके घातले, टॉमी मागे ठेवली, आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसले. मी म्हटलं, "आबा, घाट तुम्ही..." त्यांनी पट्टा ओढून लावला. आई मागे डबा घेऊन बसली आणि दोनदा टपावर टकटक केलं. कंडक्टरच्या दोन घंटा. सुटा.

घाटाचं पहिलं वळण आलं आणि माझी पाचावर धारण बसली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला आभाळ. समोरून मालवाहू ट्रक आला तर मी एवढी कडेला घेतली की आईच्या तोंडून "अगो" निघालं, आणि आबांनी मागे वळून तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. मी वाट बघत होते. आता म्हणतील गिअर खाली घे. आता म्हणतील हॉर्न वाजव. काही नाही. हात मांडीवर, नजर समोर. एकदा फक्त त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता.

अर्ध्या घाटात मला राहवेना. "आबा, बरोबर चाललंय ना?"

उत्तर नाही.

"आबा, रागावलाय का अजून?"

उत्तर नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि घाटात डोळ्यांत पाणी परवडत नाही, म्हणून मी दात खाऊन गाडी चालवली. वळणामागून वळण. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, हेच डोक्यात.

वर पोचलो. मक्याची कणसं मिळतात तिथे मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. जळका वास नव्हता. पिवळा दिवा नव्हता. आबा उतरले, गाडीखाली वाकले, हात जवळ नेला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मग चारही चाकांना फेरी मारून माझ्या खिडकीशी आले.

"घाटात डायवरशी बोलायचं नसतं, म्हायत नाय काय तुला?" ते म्हणाले. "आता बोल. काय इचारत हुतीस?"